मागायला अख्खी मंडळी, उपकार मानायला कोण?

सलाम. आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे जावं.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एका काकूंच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना-विनंती आली होती. दिवसभर जोडलेल्या हातांची रांग लागली. वचनं, फुलं, कबुतरं, काही बाकी ठेवलं नाही. आज सकाळी त्यांच्या सुनेनं लिहिलं, आई सुखरूप घरी आल्या, प्रभूचे उपकार. त्याखाली? शुकशुकाट. दुपारी कोणीतरी मुलाच्या व्हिसासाठी विनंती टाकली आणि हात पुन्हा सुरू!

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायावर आपण लहानपणापासून उपदेश ऐकतोय. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, उपकार मानायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभू येशूनं विचारलं होतं. आमच्या ग्रुपवर आहेत प्रभू, ॲडमिनसकट.

माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं नगर-कल्याण, माळशेज घाटातून. गाडी सुरू करायच्या आधी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते डोळे मिटायचे आणि पुटपुटायचे, "प्रभू, ही माणसं तुझी. पोचव." बस, एवढंच. त्यांचे कंडक्टर माळकरी, पंढरीची वारी न चुकवणारे. पण पप्पांचे डोळे उघडेपर्यंत त्यांनी कधी डबल बेल मारली नाही. कोणी प्रवासी कटकट करायला लागला तर म्हणायचे, "थांबा हो, साहेबांचं वर बोलणं चाललंय." सुट्टीत मी पप्पांच्या मागच्या सीटवर बसून हे पाहायचे.

आणि गाडी डेपोत लागली, इंजिन बंद झालं, की पुन्हा तेच दोन हात. "पोचवलंस. उपकार."

जाताना मागायचं आणि पोचल्यावर सांगायचं. यात अवघड काय आहे, मला खरंच कळत नाही.

"निरंतर प्रार्थना करा" हे वचन फ्रेम करून हॉलमध्ये लावायचं आणि वर म्हणायचं, वेळ कुठे मिळतो? अहो, वेळ कोणी मागितलाय? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या आश्रमात, १९०५ साली जागृती आली, प्रार्थनेची लाटच, ती आपण अभिमानानं सांगतो. पण तिथे काही नुसती प्रार्थनाच नव्हती. रमाबाईंनी तिथे शेती उभी केली, विणकाम सुरू केलं, छापखाना चालवला. काम आणि प्रार्थना एकाच आवारात चालायची. आपल्याला मात्र प्रार्थना म्हटली की रविवार, इस्त्रीचे कपडे आणि माइक लागतो.

माइकवरून आठवलं. वाढदिवसाला, साखरपुड्याला जेवणाआधीची ती प्रार्थना! बिर्याणी गार होतेय, पोरं चुळबुळतायत आणि प्रार्थना करणारे काका देवाला यजमानांची वंशावळ सांगतायत. देवाला माहीत नाही का? मागून मागून दम लागल्यावर शेवटी घाईघाईत "या अन्नाबद्दल उपकार". ज्यासाठी उठून उभे राहिलात ते शेवटी?

बरं, प्रभूनंच दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगितलंय, तेव्हा ग्रुपवर न लिहिणारे घरी उपकार मानत असतीलही. असतील. मग मागतानाही दार लावा ना!

एकदा पावसाळ्यात घाटात दरड आली आणि पप्पांची गाडी अडकली. कल्याण डेपोत पोचायला मध्यरात्र उलटली. लोक वैतागलेले, जाता जाता पप्पांनाच शिव्या देऊन गेले. पप्पांनी इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवर. कंडक्टरकाका म्हणाले, "साहेब, आज कसले उपकार?" पप्पा म्हणाले, "जेवढी बसली होती तेवढी उतरली ना?" हा किस्सा पप्पांपेक्षा काकाच जास्त रंगवून सांगायचे.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरला. कारण पप्पांनाही ते नेहमी जमलं नाही. आई गेली तेव्हा कित्येक दिवस त्यांच्या तोंडून उपकार हा शब्द निघाला नाही. जेवायला बसलो की "प्रभू" म्हणायचे आणि थांबायचे. मग आम्ही जेवायला लागायचो. त्या दिवसांत त्यांना "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन कोणी ऐकवलं असतं, तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. दुःखातल्या माणसाकडे उपकारांचा हिशोब मागू नये, स्तोत्रकर्त्यानंही "किती वेळ, परमेश्वरा" असा जाब विचारलाच आहे. पण ते थांबणं रोज होतं. एकही जेवण पप्पांनी तसंच उरकलं नाही, आणि माझ्या लेखी तीही प्रार्थनाच.

त्यामुळे मी बोलतेय ते आपल्यासारख्या धडधाकटांबद्दल. मुलांच्या फिया भरल्या गेल्या, बीपी आटोक्यात आहे, घरकुलाचा हप्ता सुटला, आणि तरी तोंडात सारखं "आमच्यासाठी प्रार्थना करा". करतो हो! पण आधीच्या विनंतीचं काय झालं ते तरी कळवा. आणि कळवलं तर दुसऱ्यांनी दोन शब्द लिहा.

या रविवारी पाळकसाहेबांना सांगणार आहे, साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगतात तेव्हा, नवी विनंती बंद. फक्त उपकार, एका वाक्यात, बसल्या जागेवरून, माइकशिवाय. ते बहुतेक ऐकणार नाहीत. म्हणून इथेच सुरुवात करू. खाली लिहा, आज कशाबद्दल उपकार मानलेत. नळाला वेळेवर पाणी आलं, हेही चालेल. आमच्या भागात तर ती मोठी साक्ष आहे.