नव्या डोमेनची पत

आमच्या घरगुती मसाल्यांच्या व्यवसायासाठी मी नवे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे स्वतःचे नाव, घेतले, त्यावरून जुन्या ६०० ग्राहकांना एका रात्रीत ईमेलने गोड्या मसाल्याची जाहिरात धाडली आणि सकाळी कळले की ती बहुतेकांच्या स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या वार्तेशेजारी, पडून आहे. पुण्यात भाडेकरू आला की पोलिसांत नोंद होते, वॉचमन रजिस्टरात सही घेतो आणि तरीही समोरच्या काकू महिनाभर दाराच्या फटीतून पाहत राहतात. नव्या डोमेनलाही तेच भोगावे लागते, कारण भामटेही असेच ताजे डोमेन घेतात आणि वापरून टाकून देतात.

कागदपत्रे तर मी केली होती. आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात त्यांची यादी म्हणजे एसपीएफ, पत्रावरची सही म्हणजे डीकेआयएम आणि यांतले एकही जुळले नाही तर पत्राचे काय करावे ही सूचना म्हणजे डीमार्क. मात्र एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच लागते. मी होस्टिंगवाल्याची एक आणि मेल पाठवणाऱ्या सेवेची दुसरी अशा दोन चिकटवल्या, त्यामुळे दोन्ही बाद झाल्या. दोन जन्मदाखले दाखवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्या दोन ओळींची एक ओळ करायला हवी, हे उमगायला तीन दिवस गेले.

मग ‘वॉर्मअप’ आरंभला : पत्र उघडतील आणि उत्तरही देतील अशा माणसांना रोज फक्त २० पत्रे. अशी माणसे म्हणजे अर्थात नातेवाईक. पैकी मावशीने पहिल्याच दिवशी स्पॅमचे बटण दाबले. “अरे, वाचून झालं, म्हणून बाजूला टाकलं,” ती म्हणाली. गूगलच्या फेब्रुवारी २०२४पासूनच्या नियमांनुसार अशा तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे हजारात तिनापेक्षा कमी असाव्या लागतात. मावशीने एका बोटाने मला ५ टक्क्यांवर नेले. घाबरून पोस्टमास्टर टूल्स, म्हणजे पाठवणाऱ्याला आपली पत दाखवणारे गूगलचे पान, उघडले, तर एवढ्या थोड्या पत्रांची आकडेवारी तिथे दिसतच नाही. बदनामीची नोंद व्हावी इतकीही माझी पत नव्हती.

सहा आठवडे पत्रांची संख्या जपून वाढवत नेली, तेव्हा कुठे जाहिरात स्पॅममधून सुटली आणि जीमेलच्या ‘प्रमोशन्स’ कप्प्यात, साड्यांच्या सेलखाली, जाऊन बसली. मी मावशीला फोन करून सांगितले की आता आपली पत्रे प्रमोशनमध्ये जातात.

“अरे वा, प्रमोशन झालं? मग पेढे कधी?”