जाड ग्राउंडशीट म्हणजे कोरडी झोप, हे खरं नाही

सॅक भरायची वेळ आली की एक सल्ला हमखास फिरू लागतो: ‘ग्राउंडशीट, म्हणजे तंबूखाली अंथरायची शीट, जाडच घ्या, तंबूपेक्षा चारही बाजूंनी वीतभर मोठी घ्या, चंदेरी बाजू वर ठेवा. ओल येणार नाही, थंडी वाजणार नाही. हलक्या शीट एका रात्रीत फाटतात.’ पहिल्यांदाच निघालेली मंडळी हे ऐकून अर्धा किलो ओझं उगाच वाहतात आणि वर भिजतातही. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘तंबूपेक्षा वीतभर मोठी घ्या.’ यातलं हे सगळ्यात घातक. तंबूच्या कापडावरून ओघळणारं पाणी जमिनीत मुरायच्या आधी बाहेर आलेल्या शीटवर पडतं, तिथून तंबूच्या तळाखाली शिरतं आणि अडकून राहतं, कारण खाली शीट त्याला मुरू देत नाही. मी पहिल्या पावसाळी मुक्कामात हेच केलं होतं. मध्यरात्री मॅटशेजारी हात टेकवला तर तळ पाण्यावर डुलत होता. शीट तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून ३ ते ५ सेंटिमीटर आत हवी. मोठी असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा. तंबू नसेल, नुसत्या छताखाली झोपणार असाल, तर माणूस आणि मॅट मावेल एवढी पुरते: साधारण २.१ मीटर बाय १ मीटर.

‘जाड तेवढी जलरोधक.’ पाणी अडणं जाडीपेक्षा छिद्रांवर अवलंबून असतं. पॉलिक्रो ही खिडक्यांवर थंडी अडवायला लावतात ती पारदर्शक फिल्म. जाडी जेमतेम २० मायक्रॉन, पण तिला छिद्रंच नाहीत, त्यामुळे अखंड असेपर्यंत पाणी आत येत नाही. वर दिलेल्या मापाची शीट सुमारे ४० ग्रॅम भरते. टायवेक म्हणजे पॉलिइथिलिनच्या अतिसूक्ष्म तंतूंची शीट. तेवढ्याच मापाला प्रकारानुसार साधारण ९० ते १३० ग्रॅम. १५० जीएसएमची (चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारी) ताडपत्री याच मापात ३०० ग्रॅमच्या वर जाते, आणि वीतभर वाढवली की अर्धा किलो कुठे गेला नाही.

टायवेकबद्दल मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: त्यातून वाफ जाते आणि दाब वाढला की पाणीही झिरपू शकतं. हा दाब किती असतो ते बघा. ३५ किलो वजन ५० चौरस सेंटिमीटरच्या गुडघ्यावर आलं, तर तो ७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका होतो. ३००० मिलिमीटरचा शिक्का असलेला, म्हणजे ३ मीटर पाण्याचा दाब झेलणारा तंबूचा तळही तिथे कमी पडतो. चिखलावर गुडघे टेकून सामान आवरायची सवय असेल, तर पॉलिक्रो बरी.

‘हलकी शीट एका रात्रीत फाटते.’ अर्धसत्य. पॉलिक्रो ताणली जाते, पण एकदा कापली गेली की चीर पळते. चिकटपट्टीनं लगेच जोडा. वाऱ्यात अंथरणं हाही वैताग असतो. काटेरी, खडकाळ जागेसाठी मी टायवेकच घेईन. नवं टायवेक करकरतं. थंड पाण्यात साबणाशिवाय धुतलं की मऊ होतं, मात्र पाणी अडवण्याची ताकद थोडी घटते.

‘थंडी वाजणार नाही, चंदेरी बाजू वर ठेवा.’ जमिनीची थंडी अडवते ती मॅट, म्हणजे तिच्यात कोंडलेली हवा. चकचकीत थर उष्णता परत फेकतो तो समोर हवेची फट असेल तर. अंगाखाली दाबला गेला की तो निव्वळ प्लास्टिक.

आणि सकाळी तळाला ओल दिसली, तर लगेच शीटला दोष देऊ नका. बऱ्याचदा ती आपल्याच श्वासाची वाफ असते.

घेतलेली शीट निघण्याआधी घरीच तपासा. ओला टॉवेल पसरा, त्यावर शीट, तिच्यावर कोरडा कागद, आणि कागदावर मिनिटभर गुडघा टेकवून बसा. कागद ओला झाला, तर ती शीट चिखलासाठी नाही.