व्हेटचं बिल आणि पाटीमागचा मालक

सध्या एक मेसेज फिरतोय. ‘प्रायव्हेट इक्विटी फंडांनी प्राण्यांचे दवाखाने घेतले ते बरंच झालं. नवी यंत्रं आली, म्हणून खर्च वाढला. उपचार शेवटी डॉक्टरच ठरवतात. आणि नाही पटलं तर दुसरीकडे जा, कोणी अडवलंय?’ प्रायव्हेट इक्विटी फंड म्हणजे बड्या गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून धंदे विकत घेणारे आणि काही वर्षांनी नफ्यात विकणारे. हा मेसेज वाचून मला स्वस्थ बसवेना.

आधी यंत्रांचं. सोनोग्राफी, दवाखान्यातलीच लॅब यांना पैसे लागतात, मान्य. पण मग स्वतंत्र डॉक्टरांकडेही दर तेवढेच हवेत. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने (बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) ऑक्टोबर २०२५ च्या प्राथमिक निर्णयात सांगितलं, की दवाखान्यांच्या सहा बड्या साखळ्यांचे दर स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्के जास्त आहेत आणि २०१६ ते २०२३ मध्ये तिथली व्हेटची फी ६३ टक्के वाढली. या सहापैकी सगळ्याच साखळ्या फंडांच्या नाहीत, हेही सांगायला हवं. एक मार्स या कंपनीची आहे. पण आयव्हीसी, मेडिव्हेट आणि व्हेटपार्टनर्स या साखळ्यांमागे फंडच आहेत.

‘डॉक्टरच ठरवतात’ हे अर्धंच खरं. फंडाचं गणित बघा. बराचसा पैसा कर्जाचा, आणि ते फिटायचं दवाखान्यांच्याच कमाईतून. शिवाय काही वर्षांत सगळी साखळी पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची. ती किंमत ठरते वर्षाच्या नफ्याच्या पटीत, म्हणजे आज नफ्यात पडलेली थोडी भर विक्रीच्या दिवशी कितीतरी पट होते. अशा मालकाला धीर धरणं परवडत नाही. मग दरपत्रक, एका प्राण्याला किती मिनिटं, कोणती लॅब, कपाटात कोणती औषधं, हे सगळं वरून येऊ शकतं.

कुत्रा कान खाजवतोय, एवढीच तक्रार घ्या. कानातला मळ बोळ्यावर घ्यायचा, काचपट्टीवर फिरवायचा, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बुरशी आहे की जिवाणू, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. यात डॉक्टरचा वेळ जातो, बिल फारसं होत नाही. पहिल्याच भेटीत तपासण्यांची माळ लावली तर बिल होतं. त्या खोलीतल्या डॉक्टरला मी दोष देत नाही; त्याच्यावरही आकड्यांचा दाब येतो. आणि निवृत्त होणाऱ्या कित्येक डॉक्टरांना आपला दवाखाना विकायला साखळ्यांशिवाय दुसरं गिऱ्हाईकच मिळत नाही, हेही खरं.

राहिलं ‘दुसरीकडे जा’. दुसरीकडे म्हणजे कुठे? ब्रिटनमध्ये २०१३ साली साधारण १० टक्के दवाखाने बड्या गटांकडे होते, २०२१ पर्यंत जवळपास ६० टक्के. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पाटी जुन्याच डॉक्टरांच्या नावाची राहिली. म्हणजे वैतागून तुम्ही रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात जाता आणि पैसे त्याच मालकाकडे जातात.

आणि रात्रीचं काय? बोक्याची लघवी तुंबली, तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, ओरडतोय, थेंबही येत नाही. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्या वेळी दर विचारत कोणी फिरत नाही. जे इमर्जन्सी हॉस्पिटल उघडं आहे, तिथे धावत जातो. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या स्पर्धा नियामकाने २०२२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. जेएबी ही गुंतवणूक कंपनी सेज ही प्राण्यांच्या हॉस्पिटलांची साखळी घेत होती, तेव्हा ऑस्टिन आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातली काही हॉस्पिटलं दुसऱ्याला विकण्याची अट घातली, म्हणजे तिथल्या लोकांना रात्री धावायला निदान दुसरं एखादं दार राहील.