खोडव्यावर खोडवा : मॉरिशस-फिजी लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(‘काका’ म्हटलेलं चालेल ना? साखर कारखान्याच्या शेती खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालात, घर श्रीरामपूरकडे, हे तुम्हीच लिहिलंय. मी आकड्यांवर पोट भरणारा माणूस. ऊस पाहिला तो बहुतेक रसवंतीवरच.)

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि निम्म्याहून जास्त बरोबर आहे. म्हणून दोन ओळींत ‘धन्यवाद, विचार करतो’ लिहून सुटका करून घेणं जमेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: मी मॉरिशस आणि फिजी यांची तुलना केली होती. दोन्हीकडे इंग्रजांचं राज्य, दोन्हीकडे ऊस, दोन्हीकडे हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर. एक १९६८ मध्ये स्वतंत्र झालं, दुसरं १९७० मध्ये. १९८० साली दरडोई उत्पन्नात फिजी चांगलंच पुढे होतं. आज मॉरिशसचा आकडा फिजीच्या जवळपास दुप्पट आहे. त्यावर मी ऐटीत लिहून गेलो की मॉरिशसने धोरण आखलं आणि फिजीने लष्कराला खुर्ची दिली.

तुमचं म्हणणं असं: मॉरिशसची श्रीमंती ही आपल्याकडच्या बुडालेल्या करावर उभी आहे. युरोपने साखरेला दिलेला भाव हे नशीब होतं, त्याला धोरण म्हणू नका. तिथे मराठी माणसं आहेत म्हणून तुमचं माप झुकतं. आणि शेवटी, ठळक अक्षरांत: “फिजीतल्या कुळांसाठी गळा काढता, पण जमीन ज्याची आहे त्याला कधी विचारलंत का?”

मराठी माणसांचा आरोप अर्धा मान्य. मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले लोक मॉरिशसला उतरले, तिथे आजही गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे वाचून मन थोडं विरघळतंच. फिजीला गेलेली जहाजं मात्र कलकत्त्याहून आणि मद्रासहून सुटत. पण त्या मायेने आकडे हलत नाहीत.

कराच्या मुद्द्यावर मात्र मी वाद घालणार. भारत-मॉरिशस कर करार (मॉरिशसमार्गे आलेल्या पैशाला इथल्या करातून सूट देणारा) १९८२ चा, हे खरं. पण १९९१ पर्यंत आपल्याकडेच परदेशी पैशाला दार जेमतेम किलकिलं होतं, त्यामुळे तो जवळजवळ धूळ खात पडून होता. परदेशी कंपन्यांना थारा देणारा ऑफशोअर कायदा मॉरिशसने केला १९९२ मध्ये. आणि मॉरिशसची खरी उडी आहे साधारण १९८३ ते १९९० या काळातली. तेव्हा तिथे बँकवाले नव्हते, शिलाई मशिनं होती. हाँगकाँगच्या कापड उद्योजकांचा युरोप-अमेरिकेत माल पाठवायचा कोटा भरला होता आणि मॉरिशसचा रिकामा होता, म्हणून ते तिकडे गेले. १९७० चा निर्यात क्षेत्राचा कायदा तयारच होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पाचातला एक माणूस बेकार असलेल्या बेटावर नव्वदच्या दशकात या कारखान्यांत नव्वद हजारांच्या घरात लोक कामाला होते.

‘लोक’ म्हणजे मुख्यतः बायका. आणि बायकांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवलेलं होतं. हे तुम्ही काढलं नाहीत, पण मूळ लेखात मी गाळलं होतं आणि ते गाळायला नको होतं. ‘चमत्कार’ म्हणून जो मिरवला जातो त्याचं शिवण या बायकांनी स्वस्तात घातलंय.

कराचा पैसा आला तो नंतर, आणि आला तेव्हा धो-धो आला. त्यात आपलाही हात आहे. मॉरिशसचा रहिवासी दाखला दाखवला की पुढे चौकशी नको, असं परिपत्रक २००० साली आपल्याच प्रत्यक्ष कर मंडळाने काढलं आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. करार बदलायला २०१६ उजाडलं. दाराची कडी आपणच काढून ठेवली होती, काका. तरीही आजच्या मॉरिशसच्या आकड्यात हा पैसा आहे, आणि काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२० मध्ये त्याला दीडेक वर्ष करड्या यादीत बसवलं होतं, हे मी लिहायला हवं होतं.

युरोपचा भाव: पूर्ण मान्य. १९७५ च्या लोमे करारात ठरावीक देशांची मिळून तेरा लाख टन साखर युरोपने हमीभावाने घ्यायचं कबूल केलं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ४.९ लाख टन, मॉरिशसला मिळाला. फिजीला १.६५ लाख. बहुतेक वर्षं हा भाव जागतिक बाजाराच्या बराच वर असे. आपल्याकडे एफआरपीवर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावावर, इतकी आंदोलनं होतात. तिथे तीसेक वर्षं दुसऱ्याच्या खिशातून एफआरपी मिळत होती असं समजा. नशीब म्हणा. फक्त त्या नशिबाचं पुढे काय झालं तेही बघा. मॉरिशसमध्ये मोठ्या मळ्यांचे मालक तिथेच राहणारे, फ्रेंच वंशाचे. साखरेत कमावलेलं त्यांनी कापडाच्या कारखान्यांत आणि हॉटेलांत घातलं, कारण त्यांना जायचंच नव्हतं कुठे. फिजीत १९७३ पर्यंत सगळ्या साखर गिरण्या एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या होत्या. नफा सिडनीला. ती गेली तेव्हा गिरण्या सरकारच्या गळ्यात आल्या.

आता जमीन. इथे तुम्ही मला पकडलंत.

तुम्ही खंडकऱ्यांचा दाखला दिलात. शेतकऱ्यांनी खासगी कारखान्यांना उसासाठी खंडाने जमिनी दिल्या, मग कमाल जमीन धारणेचा कायदा आला, १९६३ मध्ये शेती महामंडळ आलं, आणि सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असलेली जमीन परत मिळायला नातवाचे केस पिकले. “मालक हा नेहमी सावकारच असतो असं तुम्ही पुण्यात बसून ठरवलंत,” असं तुम्ही लिहिलंय. पुण्यात बसतो हे खरं.

फिजीतला मालक कोण ते सांगतो. तिथली ८५ टक्क्यांहून जास्त जमीन मूळच्या फिजीयन लोकांची आहे, आणि ती एकेका माणसाची नाही, ‘मतांगाली’ची. मराठीत कूळ म्हणायला गेलो तर नेमका घोटाळा होईल, म्हणून भावकी म्हणतो. ही जमीन विकता येत नाही. ही तजवीज पहिल्या गव्हर्नरची, आर्थर गॉर्डनची. गंमत अशी की फिजीला येण्याआधी, १८७१ ते १८७४, हाच माणूस मॉरिशसचा गव्हर्नर होता. मळेवाल्यांनी मजुरांचं काय केलं ते त्याने तिथे पाहिलं होतं. फिजीत येऊन त्याने दोन गोष्टी केल्या: जमिनीची विक्री थांबवली, आणि मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून मजूर आणायची सोय केली. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं आली. एका हाताने मूळच्या लोकांना वाचवलं, दुसऱ्या हाताने पुढच्या शंभर वर्षांचं भांडण पेरलं.

म्हणजे गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या माणसाला फिजीत जमीन मिळणार ती खंडानेच. १९७६ च्या कायद्याने खंडाची मुदत तीस वर्षं ठरवली आणि खंडावर मर्यादा घातली: जमीन पडीक धरून तिची जी किंमत येईल तिच्या सहा टक्के. मालकाच्या बाजूने पाहा. भाव युरोपचा, खंड पडीक जमिनीचा. तोही हातात पूर्ण येत नसे. आधी खंड गोळा करणारं जमीन मंडळ आपला खर्च कापणार, मग तीन पायऱ्यांवरच्या सरदारांचे वाटे, आणि उरलेलं भावकीत वाटलं जाणार. घरटी किती पडत असेल? सरदारांचे वेगळे वाटे २०११ मध्ये बंद झाले. तोवर साध्या फिजीयन माणसाला आपल्याच रानातला ऊस लांबून बघावा लागला. तर हो, मी त्याला विचारलं नव्हतं. तुमचे खंडकरी आणि ही भावकी एका पंगतीत बसतील, हे मला तुमच्यामुळे सुचलं.

फक्त दुसऱ्या पंगतीत कोण आहे तेही बघा. श्रीरामपूरला जमीन घेऊन बसलं होतं ते महामंडळ. फिजीत बसला होता दहा-बारा एकरवाला, ज्याच्या पणज्याला जहाजातून उतरवलं होतं आणि ज्याला परत जायला गावच उरलं नव्हतं.

आता तुमच्या धंद्यातली गोष्ट. तुम्ही विचारलंत, फिजीचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी) काय? मला वाटलं टोमणा आहे. मग आकडे काढून बसलो. १९९४ च्या हंगामात चाळीस लाख टन उसातून पाच लाख टनांच्या वर साखर निघाली, म्हणजे उतारा साडेबाराच्या आसपास. अलीकडच्या हंगामांत ऊस वीस लाख टनांच्या खाली आहे आणि उतारा नवाच्या आसपास. मधे काय झालं? गिरण्या जुन्या झाल्या, छोट्या रेल्वेवरून येणारा ऊस लॉऱ्यांवर आला आणि गेटाबाहेर रांगेत वाळू लागला, जाळून तोडलेला ऊस वाढला. २०१६ च्या विन्स्टन चक्रीवादळाने फिजीतल्या पेनांगची गिरणी कायमची बंद पाडली. हे सगळं खरंच. पण मला अडकवून ठेवलं ते खोडव्याने.

तुम्हाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी लिहितो. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक. नवी लागण महाग असते: नांगरट, बेणं, खत, मजुरी. पैसा वसूल होतो तो पुढच्या दोन-तीन खोडव्यांत. मग फड म्हातारा होतो, ऊस बारीक पडतो, तेव्हा तो मोडून पुन्हा लागण करायची. आता समजा तुमच्या खंडाची चार वर्षं उरलीत आणि पुढे करार होईल की नाही ते भावकी सांगत नाही. तुम्ही नवी लागण कराल? नाही करणार. खोडव्यावर खोडवा, त्यावर खोडवा, जेवढं निघेल तेवढं काढायचं. १९७६ मध्ये तीस मिळवा, किंवा त्याआधीच्या करारांपासून मोजा. १९९७ पासून मुदती संपायला लागल्या. म्हणजे नव्वदच्या दशकातच रानं म्हातारी व्हायला लागली असणार. लष्कर आलं की वर्तमानपत्रात फोटो येतो. लागण न झालेल्या शेताचा फोटो कोण काढतो?

घरांचंही तेच. तीस वर्षांच्या जमिनीवर सिमेंटचं घर कोण बांधणार? घरं पत्र्याची आणि फळ्यांची. मुदत संपली तेव्हा कित्येकांनी ती उचकटली, पत्रे आणि वासे लॉरीवर चढवले आणि राजधानी सुवा आणि शेजारच्या नौसोरीच्या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये परत उभी केली.

आणि फिजीतल्या लष्करी उठावांचं म्हणाल तर त्यांचं माप मी पूर्ण कमी करणार नाही. १९८७ मध्ये दोन, मग २०००, मग २००६. पहिला १४ मे १९८७ चा. गिरमिटियांचं पहिलं जहाज ‘लिओनिडास’ फिजीत पोचलं तेही १४ मेलाच, १८७९ च्या. शिकलेले हिंदी वंशाचे लोक ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेले; लोकसंख्येत निम्मे होते ते २००७ च्या जनगणनेत ३७ टक्क्यांवर आले. डॉक्टर गेला, मास्तर गेला, हिशेबनीस गेला. पण उठाव आणि खंड हे दोन वेगळे रोग नव्हेत. सरकार बदललं की करारांचं काय, या एकाच भीतीची ती दोन नावं. मी खुर्चीकडे बघत बसलो, तुम्ही बांधाकडे बोट दाखवलंत.

मॉरिशसमध्ये असा पेच पडला नाही, कारण डच आले तेव्हा बेटावर माणूसच नव्हता. तुम्ही हेच लिहिलंय की तुलना अन्यायाची आहे. आहेच थोडी. तिथे १८८० नंतर साखरेचे भाव कोसळले तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेच्या खडकाळ जमिनी तुकडे पाडून विकल्या, आणि त्या घेतल्या गिरमिट संपलेल्या मजुरांनी. वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे ढीग त्या रानांत अजून मनोऱ्यासारखे उभे आहेत. तुकडा लहान, पण दस्त नावावर.

तुम्ही आता म्हणाल, मग मॉरिशसचा ऊस का बसला? बसलाय. एकेकाळी सहा-सात लाख टन साखर होई, आता अडीच लाखांच्या आसपास किंवा खालीच. युरोपने २००६ पासून भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि छोट्या शेतकऱ्यांनी रानं सोडून दिली. मोठ्या मळ्यांनी उसाच्या जागी बंगले आणि गोल्फची मैदानं आणली. म्हणजे मालकीने ऊस वाचला नाही. पण मॉरिशसचा शेतकरी ऊस सोडताना प्लॉट विकू शकला, त्यावर कर्ज काढून पोरगी शिकवू शकला, नाहीतर तिथेच माळ्यावर माळा चढवून भाडेकरू ठेवू शकला. फिजीचा बाहेर पडला तो पत्रे घेऊन. दरडोई उत्पन्नाच्या दुप्पट-निमपटीपेक्षा मला आता हा फरक जास्त मोठा वाटतो, आणि मूळ लेखात तो नाही.

(डॉलरच्या आकड्यांवरचा तुमचा शेरा बरोबर आहे. गावात पिकवून गावातच खाल्लेला दालो, म्हणजे आपला अळकंद, हिशेबात नीट येत नाही. फिजी कागदावर दिसतं तेवढं गरीब नाही. यापुढे लिहीन.)

तर आज दुपारी मूळ लेखातलं ते खुर्चीचं वाक्य काढलंय आणि जमिनीवर नवा परिच्छेद घातलाय. तुमचा उल्लेख ‘एका जाणकार वाचकामुळे’ असा केलाय; नाव टाकू का ते कळवा. एक विचारायचं होतं. महामंडळाकडे जमिनी असताना शेवटच्या वर्षांत तिथे नवी लागण किती होत होती आणि खोडवा किती राहत होता, याच्या नोंदी तुमच्या खात्याच्या जुन्या वह्यांत सापडतील का? फिजीत मालक भावकी होती आणि शेतात कूळ. तुमच्याकडे मालक शेतकरी आणि शेतात सरकार. फड दोन्हीकडे सारखाच म्हातारा झाला असेल तर मला आणखी एक परिच्छेद बदलावा लागेल.