मातीच ती, तिला कसला आलाय कचरा!

आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘बेंटोनाइटपासून सच्छिद्र माती, हरित पद्धतीने, रासायनिक कचरा शून्य’. (बेंटोनाइट म्हणजे एक प्रकारची चिकणमाती.) खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवं पान. दोनदा आला, दोनदा सोडून दिला. तिसऱ्यांदा तो भाचीने पाठवला. ती एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी हीच माती बनवते. खाली तिचा प्रश्न होता, “मामा, मग धुवणाचे कॅन भरून ठेवायला नकोत ना? बेसिनमध्ये ओतू?” आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

तिसरा मुद्दा आधी घेतो, कारण ओतायची कल्पना तिथलीच. ‘ही माती पाणी शुद्ध करते, त्यामुळे तिचं धुवणही शुद्धच असतं.’ वा! केरसुणी घर स्वच्छ करते, म्हणजे सुपलीतला केरही स्वच्छच म्हणायचा.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि मधल्या फटीत सोडियमसारखे धन आयन बसलेले असतात. आपण त्यांना उठवून तिथे मोठे धन आयन बसवतो. भाची त्यासाठी सीटॅब वापरते, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं, ब्रोमाइड असलेलं एक रसायन (सर्फॅक्टंट). किलोमागे एक मोल (रसायनशास्त्रातलं कण मोजायचं माप) भाराची अदलाबदल करणारी माती धरली, तर एका किलोला साधारण ३६४ ग्रॅम सीटॅब लागतं. त्यातला लांब शेपटीचा आयन मातीत शिरतो. उरलेलं ब्रोमाइड आणि उठवलेलं सोडियम पाण्यात येतात, मिळून सुमारे १०३ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड. ब्रोमाइड स्वतःच ऋण, ते ऋण पापुद्र्यांना कसं चिकटणार? धुवणात तेच असतं जे मातीने घेतलेलं नाही. तीच माती ते परत शोषून घेईल, ही आशा कुठून आली कोण जाणे.

शिवाय ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ म्हणून बहुतेक जण सीटॅब क्षमतेपेक्षा जास्तच घालतात. ते जास्तीचं धुताना सुटतं. भाचीला म्हटलं, पहिल्या धुवणाची बाटली बूच लावून हलव. तिने व्हिडिओ पाठवला: बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरलेली, आणि फेस बसता बसेना. हे सर्फॅक्टंट मासे, शेवाळ, पाण्यातले बारीक जीव, सगळ्यांना घातक आहे. बेसिनमध्ये नाही म्हणजे नाही.

‘माती नैसर्गिक, म्हणून प्रक्रियाही नैसर्गिक’ हा पहिला मुद्दा. आम्लात माती तापवली की पापुद्र्यांमधलं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, लोह विरघळतं आणि त्यांनी सोडलेल्या जागांमुळे सच्छिद्रता वाढते. म्हणजे इथे छिद्र आणि कचरा एकदमच जन्माला येतात. आम्ल बदला, आतून निघालेला धातू कुठेतरी जाणारच.

‘मायक्रोवेव्हने वेळ वाचतो’ या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. वेळ खरंच वाचतो. कोरडी माती आणि सीटॅब खलात घोटूनही अदलाबदल होते, पाणी जवळजवळ लागत नाही. पण तयार झालेलं मीठ मग मालातच राहतं. ते नको असेल तर पुन्हा धुणं आलंच.

चौथा मुद्दा ‘शास्त्रीय हिशोबाने कचरा शून्य’. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये ई-फॅक्टर मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधनिर्मितीत तो २५ पासून १०० च्याही वर जातो. मूळ हिशोबात पाणी धरलेलं नाही, आणि मेसेजवाल्यांची पळवाट नेमकी तीच. बरं, पाणी सोडा. सच्छिद्र माती बनवायची दुसरी एक रीत म्हणजे पापुद्र्यांमधली फट उघडी राहावी म्हणून तिथे अ‍ॅल्युमिनियमचे खांब उभे करणं. ते करताना ग्रॅमभर मातीला १० मिलिमोल अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घेतलं, तर किलोमागे ३० मोल क्लोराइड. त्यातलं मातीत काहीच ठेवायचं नसतं. एक किलो मातीमागे एक किलोहून जास्त क्लोराइड! आणि पाणी धरलंच, तर एक टक्क्याच्या पातळ घोळाला किलोमागे शंभर लिटर, त्यावर सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर क्लोराइडमुळे येणारा पांढुरकेपणा येईनासा होईपर्यंतची धुणी वेगळी. (त्या परीक्षानळ्यांमधलं चांदीचं पाणीही कचराच, पण ते कोण मोजतं?)

कचरा कमी करता येतो, नाही असं नाही. अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट घेतलं, घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये असतं तेच, तर तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियममागे क्लोराइड एक षष्ठांश. घोळ दहा टक्क्यांचा जमवला तर पाणीही साधारण दहावा हिस्सा. पण हे ‘कमी’ झालं, ‘शून्य’ नव्हे.

‘शेवटी भाजल्यावर सगळं जळून जातं’ या पाचव्याबद्दल एवढंच: जळून गेलेलं सर्फॅक्टंट धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं होऊन बाहेर पडतं. सच्छिद्र सांगाडा उभा राहिल्यावर आम्लयुक्त इथेनॉलने ते काढून घेतलं तर परत वापरायची सोय तरी राहते.

भाचीने पुढची बॅच सीटॅब नेमकं मोजून केली. बाटली हलवून पुन्हा व्हिडिओ पाठवला, या वेळी फेस बोटभरही नव्हता. “आता ओतू?” म्हणाली. म्हटलं, सोडियम ब्रोमाइड तेवढंच आहे अजून. कॅनवर लेबल लाव.