नव्वदचा डॉलर आणि आमचं जांभ्याचं घर

आमच्या हर्णैच्या घरच्या ग्रुपवर डिसेंबर २०२५ पासून भांडण थांबलेलं नाही. डॉलर नव्वद रुपयांवर गेला त्या दिवशी पुतण्याने 'देश बुडाला' असं टाकलं. मेव्हण्याने लगेच जुलै-सप्टेंबर तिमाहीतली ८.२ टक्के वाढ त्याच्या तोंडावर मारली. दोघेही शिकलेले, आणि दोघेही हातात सापडेल तो आकडा काठीसारखा वापरतात. मला याची चीड येते.

अरे, ८.२ टक्के म्हणजे महागाई वजा करून देशाच्या एकूण उत्पादनात झालेली वाढ. रुपयाचा भाव ठरतो डॉलर किती हवेत आणि किती येतात यावर. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकून बाहेर पडत होते, आणि २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं होतं. आपली कोळंबीही त्यात आली. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असतात. ऑक्टोबरची किरकोळ महागाई पाव टक्का आली तेव्हा वहिनी खोबरेल तेलाची बाटली दाखवून चिडली होती. तिचंही खरं. त्या निर्देशांकात तेव्हा खाण्यापिण्याला जवळजवळ ४६ टक्के वजन होतं. भाजी आदल्या वर्षापेक्षा स्वस्त झाली की सगळा आकडा खाली येतो. खोबऱ्याचा वाटा त्यात चिमूटभर. आमटीपासून सोलकढीपर्यंत जिथे नारळ लागतो, त्या घराची महागाई सगळ्या देशाच्या सरासरीत कुठून दिसणार?

शारजात मला अठरा वर्षं झाली. इथे असली भांडणं नाहीत. भाडं वाढलं की माणूस नहदातून सामान उचलतो, अजमानला जातो आणि सकाळी तासभर आधी निघतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला, व्याजदर अमेरिकेच्या मागोमाग हलतो. कोणी तक्रार करत नाही, असं मी ग्रुपवर जरा तोऱ्यातच लिहिलं. तक्रार करण्याइतकं इथलं काही आमचं नाही, हे लिहिलं नाही.

आणखीही एक लिहिलं नाही. २००८ च्या सुरुवातीला आलो तेव्हा एका दिरहमचे पावणेअकरा रुपये मिळत. नव्वदच्या दिवशी साडेचोवीस. त्या संध्याकाळी एक्स्चेंजच्या रांगेत मी होतो, नेहमीच्या दुप्पट रक्कम घेऊन. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ वर गेला तेव्हा जांभ्याच्या चिऱ्यांचे पैसे असेच पाठवले होते. आमच्या घराची एकेक भिंत रुपया पडला तेव्हा उभी राहिली आहे. आणि कच्चं तेल उतरूनही बोटीचं डिझेल स्वस्त होत नाही म्हणून भाऊ त्याच घराच्या पडवीत बसून सरकारला बोलतो. करांबरोबरच त्यात पडलेल्या रुपयाचाही हात आहे, हे त्याला मी कधी समजावलेलं नाही.

काल पुतण्याने विचारलं, "काका, रुपया सावरावा असं तुम्हाला वाटतं का?"

उत्तर लिहिलं, खोडलं. धाकटीची बारावी झाली की परत यायचं ठरलंय. अजून दोन वर्षं आहेत, आणि वरच्या मजल्याचा स्लॅब बाकी आहे.