‘पालकांना शिकवून काय होणार?’ या संदेशाला उत्तर

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक संदेश फिरतो आहे : ‘सातवी-आठवीतली मुले संगतीने बिघडतात, पालकांचे वर्ग घेऊन काही होत नाही, या वयात नशेचा विषय काढला तर कुतूहल वाढते, त्यापेक्षा वेळीच दोन रट्टे द्यावेत. आणि नऊला घरी पोहोचणाऱ्यांना वेळ कुठे आहे?’

संगतीचा परिणाम होतो, हे मान्य. पण म्हणून घराचा परिणाम संपतो, असे मुळीच नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात ग्रामीण भागातील ३३ शाळांमधील सहावीच्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला, त्यात काही शाळांतील कुटुंबांना सात आठवड्यांचा कार्यक्रम दिला होता. चार वर्षांनी, मुले दहावीत असताना, त्या गटात आक्रमक वर्तन कमी आढळले. दारू-सिगारेटची सुरुवातही लांबली होती. तिथे पहिला तास पालक आणि मुले वेगळी बसत, दुसरा तास एकत्र. ‘तुला घराची काही पडलेली नाही’ म्हणणारी आई, ‘तू साडेआठपर्यंत आला नाहीस की माझा जीव टांगणीला लागतो’ हे वाक्य मुलासमोर, तोंडात बसेपर्यंत म्हणून पाहते. हा सराव आहे, प्रवचन नव्हे. पोलंड आणि स्वीडनमध्ये याच कार्यक्रमाचा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणून तो ठाण्यातील घरांना साजेसा करून, परिणाम तपासतच राबवावा लागेल.

कुतूहलाच्या मुद्द्यात अर्धेच तथ्य आहे. नुसती भीती घालणारी व्याख्याने निरुपयोगी ठरतात, पण गप्प राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात व्हाइटनरसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, तर प्रौढांत ०.५८ टक्के होते. विषय मुलांपर्यंत आपल्याआधीच पोहोचला आहे.

रट्ट्यांबद्दल मला तीव्र आक्षेप आहे. राग आला की हात उचलायचा, हे मूल आपल्याकडूनच उचलते. नियम आधी ठरवणे, तो मोडल्यास काय होईल हे सांगणे आणि शांतपणे तेच करणे, ही शिस्तच आहे.

राहिला वेळ. सात आठवडे, दर आठवड्याला दोन तास, म्हणजे १४ तास. रविवारी सकाळी आपला हॉल रिकामाच असतो. प्रशिक्षित समुपदेशक शोधण्याचे काम मी अंगावर घेतो.